चार बोटं पाणी

प्लास्टिकच्या हिरव्या गवतावर प्लास्टिकचा निळा हौद ठेवला होता आणि त्यात चार बोटं पाणी होतं. पाण्यावर पिवळी बदकं. बाजूला तिवईवर एक फलक, ‘चिमुकल्यांसाठी मोकळ्या हवेत पाण्याशी खेळण्याचे फायदे’. फायदे एकाखाली एक लिहिलेले आणि प्रत्येकापुढे थेंबाचं चित्र. स्पर्शज्ञान वाढते. हात आणि डोळे यांचा समन्वय साधतो. भाषा विकसित होते. विज्ञानाची गोडी लागते. ताण कमी होतो. हा शेवटचा वाचून मला हसू आलं. दोन वर्षांच्या पोराला कसला आलाय ताण? ताण आईबापांना होता आणि तो त्या अंगणात भरपूर होता. एकेका पोरामागे दोन-दोन माणसं उभी आणि दोघांच्या हातात फोन.

अमरावतीतली ही बालवाडी. तिला बालवाडी म्हटलेलं चालत नाही, हे मला दारातच सांगितलं गेलं. अकोल्याच्या एका शाळेत मी उभी हयात विज्ञान शिकवण्यात घालवली, त्यामुळे कुठूनतरी उतरवून घेतलेली वाक्यं मला लांबून ओळखू येतात. पण मी काही तिथे तपासणीला गेलो नव्हतो. माझी नात रेवा हिच्यासाठी गेलो होतो.

रेवा दोन वर्षं आणि वर चार महिन्यांची. नाव नदीचं, आणि गेल्या महिनाभरापासून आंघोळीला बसवलं की सगळी कॉलनी गोळा होईल असं रडणं. अंगावर पाणी घेते. ते अंगावरून उतरून मोरीकडे वाहायला लागलं की मात्र डोळे विस्फारते आणि आईला घट्ट धरून किंचाळते. बालवाडीच्या मॅडमनी माझ्या मुलीला, स्वातीला, समोर बसवून सांगितलं होतं की जे मूल पाण्याला भितं ते सगळ्याच बाबतीत मागे पडतं. एवढं वाक्य त्या बाईला पुरलं आणि स्वातीची झोप उडाली. तिनं अकोल्याला फोन केला. "बाबा, तुमी या," ती म्हणाली. "ते तुमचं आयकते. काहून भेते तेच समजून नाही राहिलं मले."

म्हणून मी आलो. आज पोरगी पाण्यात बसली पाहिजे, एवढंच काम होतं. आणि ते काम किती फालतू आहे याचा विचार करत मी दोरीच्या मागे उभा होतो, कारण आजी-आजोबांनी दोरीच्या मागे थांबायचं होतं. पोरांना बदकांच्या रंगाचे पोहण्याचे कपडे घातले होते. चार बोटं पाण्यात पोहणार कोण, हे विचारायचं नव्हतं. प्रत्येकाच्या नाकावर पांढरं मलम. सकाळचे नऊ वाजलेले, ऊन अजून कोवळं, तरी वर जाळी बांधलेली. ‘मोकळी हवा’ म्हणतात ती ही.

आम्हाला पाण्यात कुणी खेळवलं नाही. आम्हाला पाण्यात ठेवून देत.

अंजनगाव सुर्जीच्या बाहेर तेव्हा पानमळे होते. नागवेलीची पानं आणि त्याच सावलीत औषधी पिंपळीचे वेल. बाहेर उन्हाळा असा की काळी जमीन फाटून तिच्यात हात जाई आणि वाऱ्याला भट्टीचा वास येई. अशा भर दुपारी मळ्याच्या ताटीबाहेर वहाणा काढायच्या, कारण पानमळ्यात कुणी पायात काही घालून जात नसे, पाय भाजत दोन उड्या मारायच्या आणि ताटी सरकवून आत शिरायचं. आत एकदम हिरवा अंधार. शेवरी आणि पांगाऱ्यावर चढलेल्या वेली, डोक्यावर पानांचं छत, आणि पायाखाली थंड, मऊ, कायम ओली माती. वास तीन होते. मातीचा, खुडलेल्या पानांच्या देठांचा, आणि पिंपळीचा तिखट वास, जो नाकात शिरला की शिंक आल्याशिवाय राहात नसे. लांब विहिरीवर इंजन ठकठक करत असे. ते थांबलं की कान विचित्र मोकळे वाटत.

इंजनाचं पाणी आधी विटांच्या एका लहान हौदात पडे आणि तिथून मातीच्या अरुंद दांडांनी वेलींच्या ओळींमधून मळाभर जाई. हौदाला लागून, जिथे दांड जरा रुंद होता, तिथे पोरांची जागा होती. बायांना पानं खुडायची असत, अंगठ्याला पत्र्याचं नख लावून, उकिडवं बसून, ओळीमागून ओळ. कडेवर पोर घेऊन ते होत नाही. आणि घरी ठेवलं तर पोराला ऊन लागेल. म्हणून येताना पोर उचलून आणायचं, कमरेचा करदोडा सोडून सगळं उतरवायचं आणि दांडात बसवायचं. माझ्या मायनं मला असंच बसवलं, तिच्या मायनं तिला बसवलं होतं. त्यात कुणाला कसला फायदा दिसला नाही. पोर थंड राहतं आणि हात मोकळे होतात, बस.

विहिरीचं पाणी पहिल्यांदा पोटाला लागलं की श्वास अडकायचा. मग हळूहळू सगळं अंग त्या गारव्याचं होऊन जायचं. बोटांमधून गाळ वर यायचा. तो मुठीत धरला की मुठीबाहेर गळायचा आणि पुन्हा धरावासा वाटायचा. फाटकी, डागी पानं बाया आमच्याकडे भिरकावत आणि ती होड्या होऊन पुढे जात. पान पालथं ठेवलं की गिरक्या घेतं आणि सुलटं ठेवलं की सरळ जातं, हे मला चालता येण्याआधी माहीत असावं. कुणीतरी मधेच दांडात शू करायचं आणि खालच्या बाजूचे सगळे जरा गंभीर व्हायचे. आम्ही चिखलाची धरणं बांधत असू. धरण पक्कं झालं की मळ्याच्या त्या टोकाला पाणी वळवणारे माझे मामा ओरडत, "कोनं अडवलं रे पानी?" मग आम्ही धरण फोडत असू आणि साचलेलं पाणी एकदम मांड्यांवरून धावत सुटे. तो स्पर्श मला अजून आठवतो. याच्यासाठी कुणी तिवईवर फलक लावला नव्हता.

आमच्यावर देखरेखीला भागीमाय असे. तिची कंबर गेलेली, त्यामुळे तिला खुडणी जमत नसे. ती हौदाच्या कठड्याला टेकून पानं निवडायची आणि मोजून त्यांच्या कवळ्या बांधायची, तीही आमच्याकडे पाठ करून. ती आम्हाला कानांनी राखायची. नवीन लग्न होऊन आलेल्या एका बाईचं पोर खूप रडत होतं, ती सारखी उठून येत होती, तर भागीमाय तिला म्हणाली, "वरडत असलं त वरडू दे. गप झालं का मंग पाहाव." सुरक्षेचा एवढाच नियम होता. एखादं पोर क्षणभर गप्प झालं की तिची मान वळलेलीच असे. इथे दोरीच्या दोन्ही बाजूंना मिळून चाळीस माणसं होती आणि सगळी पोरांकडे फोनमधून बघत होती.

दुपारी बाया आम्हाला उपसून काढत. बोटांना सुरकुत्या पडलेल्या, ओठ निळे. ओल्या पोत्यावर बसवून भाकरीचा तुकडा हातात देत आणि आम्ही तो खाता खाता झोपत असू. ओल्या पोत्याचा वास आणि तोंडात अर्धी भाकर. हिवाळ्यात त्याच विहिरीचं पाणी सकाळी वाफाळत यायचं. मग दांडात बसणं नसे. नळीखाली उभं करून माय खसखसून घासायची आणि अंगाला धूर सुटल्यासारखी वाफ सुटायची. आम्ही ती वाफ हातांनी पकडत असू. पिंपळी काढायचे दिवस आले की मळाभर शिंका ऐकू येत आणि शिंकेला हसणं.

मळे गेले. कसे गेले ते सांगत बसत नाही. गेल्या साली त्या बाजूला जाणं झालं तर तिथे संत्र्याची झाडं होती आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी काळी नळी. नळीतून थेंब पडत होते. पाणी होतं, पण त्याला आवाज नव्हता आणि त्यात बसायला जागा नव्हती.

इथवर माझी बढाई झाली. ती मी दरवेळी इथवरच सांगतो. मास्तरांच्या खोलीत सांगितली, व्याह्यांना सांगितली, स्वातीलाही लहानपणी इतक्यांदा सांगितली की ती मधेच वाक्य पुरं करायची. दोरीच्या मागे उभा राहून त्या बदकांची मनातल्या मनात टर उडवताना मात्र बढाई संपली आणि तिच्यापुढचं आठवलं.

अकोल्यात आम्ही राहायला गेलो त्या वस्तीत नळ पाच-सहा दिवसांनी यायचा. घर माणसांचं कमी आणि भांड्यांचं जास्त होतं. मोरीत दोन मोठे ड्रम, स्वयंपाकघरात गुंड, हंडे, कळश्या, पलंगाखाली झाकलेली पातेली, ओट्यावर गाळून तुरटी फिरवलेल्या पाण्याचा रांजण. आंघोळ अर्ध्या बादलीत, तीही परातीत उभं राहून, आणि परातीतलं पाणी कूलरला. नळ यायच्या आधी त्याच्या नरड्यातून हवा फुसफुसायची आणि त्या फुसफुशीनं सगळी गल्ली जागी व्हायची. मी पानमळ्यातला माणूस. दांडात बसून वाढलेला. पण वर्षभरात मी असा झालो की शेजारच्या घरी कुणी हात धुताना नळ सोडला तरी मला इथे ऐकू यायचं.

स्वाती तेव्हा दोन वर्षांची होती. मे महिना, संध्याकाळची वेळ. मी पेपर तपासून घरी आलो तर ती रांजणापाशी. स्टूल ओढून, झाकण काढून, मगानं पाणी काढत होती आणि खाली फरशीवर ओतत होती. ओतून झालं की खाली उतरायची, त्या पाण्यात दोन्ही तळवे थापटायची, हसायची आणि पुन्हा स्टूलवर चढायची. गळ्यापर्यंत भिजलेली. मला बघून तिला आनंद झाला. "बाबा, पानी," ती म्हणाली. "बाबा, पानी सांड." त्याआधी तिनं तीन शब्द एकामागे एक कधी जोडले नव्हते. भाषा विकसित होते म्हणतात, ती अशी माझ्यासमोर विकसित झाली आणि मी तिच्या थोबाडीत मारली.

नुसती टपली नव्हे. चार बोटं उठली. "सांडलं काहून?" मी विचारत होतो, दोन वर्षांच्या पोरीला. ती पडली त्याच पाण्यात. स्वातीची आई धावत आली, तिनं तिला उचललं, आणि मी फडकं घेऊन फरशीवरचं पाणी टिपून बादलीत पिळत बसलो. असा मी विज्ञानाचा शिक्षक.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला. आणि मग आम्ही ते केलं जे गल्लीतलं प्रत्येक घर दर खेपेला करायचं. घरात उरलेलं पाणी शिळं झालं होतं. आदल्या रात्रीपर्यंत जे थेंबाथेंबानं पुरवलं, जे आम्ही प्यालो, ते ताजं पाणी येताच शिळं झालं. शिळं पाणी ठेवायचं नसतं. मी एक ड्रम आडवा केला, तो जवळजवळ अर्धा भरलेला होता. मग दुसरा. मग हंडे. मग तोच रांजण. स्वातीची आई खराट्यानं ते पाणी दाराबाहेर लोटत होती. समोरच्यांचं आलं, बाजूच्यांचं आलं, आणि ऐन मे महिन्यात आमच्या गल्लीची नाली पावसाळ्यासारखी भरून वाहू लागली. स्वाती पायरीवर बसली होती, गाल सुजलेला. ती त्या नालीकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ड्रम घासत होतो.

त्यानंतर ती कधी पाण्याशी खेळली नाही. काठोकाठ भरलेला पेला ती पाहुण्यांपुढे दोन्ही हातांनी आणायची आणि थेंब सांडायची नाही. पाहुणे कौतुक करत. मीही करत असे. शहाणी पोर आहे, म्हणत असे. मास्तरांच्या खोलीत सांगत असे. एवढा मूर्ख माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आणि तो दुसऱ्यांचे फलक वाचून हसतो.

आज स्वातीच्या फ्लॅटला चोवीस तास पाणी आहे. तरी तिच्या न्हाणीत तीन बादल्या कायम भरून, झाकून ठेवलेल्या असतात. आज सकाळी रेवाच्या हातून दुधाचा पेला कलंडला तेव्हा स्वाती म्हणाली, "सांडलं." एवढंच. पण तो आवाज मी ओळखला. तो माझ्या घरचा होता.

अंगणात बाकीची पोरं एव्हाना पाण्यात बसली होती. मॅडम पायजमा घोट्यावर दुमडून रेवापुढे उकिडव्या बसल्या होत्या आणि टाळ्या वाजवत तिला इंग्रजी गाण्यानं बोलावत होत्या. रेवा आईच्या कुर्त्याला धरून, तोंड लपवून उभी. स्वातीनं दोरीपलीकडून माझ्याकडे पाहिलं. कपाळ घामानं डवरलेलं. मी दोरी ओलांडली. कुणीतरी मला अडवायला आलं, मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"तू बस आधी," मी स्वातीला म्हणालो. "तुले पाहून ते बी बसन."

स्वाती हौदाच्या कडेला बसली. तिनं तिथला एक प्लास्टिकचा मग उचलला, भरला, आणि हौदाच्या आतल्या अंगाला लावून हळूच परत ओतला. बाहेर काही उडालं नाही. तिनं तेच पुन्हा केलं. रेवानं कुर्ता सोडला. ती पुढे आली, एक छोटी वाटी उचलली, भरली, आणि आईसारखीच हौदाच्या अंगाला लावून, जीभ दातात धरून, हळूच परत ओतली. तिसऱ्यांदाही तशीच.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "बघा ना आजोबा, एक थेंब सांडला नाही," त्या म्हणाल्या. "समन्वय किती सुंदर आहे तिचा." त्यांनी फोटो काढला. आजूबाजूचे दोघेतिघे हसून बघायला लागले. मला पायरीवरचा तो सुजलेला गाल दिसत होता आणि या बाईला समन्वय.

"सांडू दे तिले," मी म्हणालो.

स्वातीनं मान वर केली. "आता म्हनता, बाबा?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मी तिच्या हातातला मग घेतला, भरला आणि त्या प्लास्टिकच्या गवतावर ओतून दिला. रेवा दचकून मागे झाली. "सांडलं," ती म्हणाली, आणि तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं नाही. आईच्या हाताकडे बघितलं.

मीही त्या हाताकडे बघितलं. स्वातीनं तो दुसऱ्या हातात धरला.

"एकच डाव," ती हळू म्हणाली. "मागच्या महिन्यात. बालटी पाडली तिनं. एकच डाव मारलं, बाबा."

मीही एकदाच मारलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही, तिला माहीत होतं.

स्वातीनं माझ्याकडून मग घेतला. भरला आणि ओतला, हौदात नव्हे, खाली, स्वतःच्या पायांवर. पुन्हा भरला आणि ओतला. गवताखालच्या सिमेंटवर पाणी पसरत चाललं. तिची सलवार घोट्यापाशी भिजली. मॅडम काहीतरी म्हणत होत्या, पाणी टबमध्येच ठेवायचं असतं असं काहीतरी. रेवा आईच्या हाताकडे बघतच होती. तो हात भरत होता आणि सांडत होता, भरत होता आणि सांडत होता. मग रेवानं एक पाऊल टाकलं, त्या सांडलेल्या पाण्यात. तळवा उचलला, बघितला, पुन्हा आपटला. शिंतोडे आईच्या तोंडावर उडाले. रेवा हसली, आधी घाबरून आणि मग खरोखर.

स्वाती थांबली नाही. हौदाचा तळ दिसायला लागला. पाणी दोरीपलीकडे, तिथून फाटकाकडे, रस्त्याकडे निघालं होतं. माझ्या तोंडाशी ‘पुरे’ आलं. मी दात आवळून उभा राहिलो आणि ते वाहताना बघत राहिलो.